बैठकीतून उठणारा माणूस

आमच्या भागात सोयरिकीच्या बैठकीचा एक कायदा आहे. कुठं लिहिलेला नाही, पण कलेक्टरच्या हुकमापेक्षा पक्का. पोराकडचे आणि पोरीकडचे समोरासमोर सतरंजीवर बसले, बोलणं सुरू झालं, की दोन्हीकडचा जो वडीलधारा असेल त्यानं सुपारी फुटेपर्यंत जागचं हलायचं नाही. बाकीच्यांनी खुशाल उठावं, तंबाखू मळावी, फोनवर बोलावं, लेकराला रपाटा द्यावा. वडीलधाऱ्यानं नाही. तो उठला म्हणजे त्याला बोलणं पटलं नाही. उठून जोड्यात पाय घातला म्हणजे सोयरीक मोडली.

मी तिसरीपर्यंत शिकलोय. चौथीत मास्तरनं छडी उगारली, ती मी हातातून हिसकली आणि घरी आलो. मास्तर बोलवायला दारात आले तरी गेलो नाही. एकदा नाही म्हटलं की नाही, हा माझा स्वभाव लहानपणापासूनचा आहे आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. अशा माणसाला बैठकीत पुढं बसवतात. सारखं हो-हो करणाऱ्याला कोण बसवील?

पण माझं नाव झालं ते निराळ्याच कारणानं. भाच्याच्या पोरीचं बोलणं होतं, मानवतला. पोराकडचे आडत्याच्या धंद्यातले, बोलण्यात वस्ताद. त्यांचा हेका, की लग्न मानवतला मोठ्या कार्यालयात. आमचं म्हणणं, लग्न पोरीच्या दारात. तासभर तेच दळण चाललं होतं. मला तेव्हा नुकताच लघवीचा त्रास सुरू झाला होता. आधी माझ्या अंगात कळ यायची ती पाव्हण्यासारखी यायची. दाराशी खाकरायची, मग आत यायची. आता दरोडेखोरासारखी यायला लागली. आली की दार मोडूनच.

तशी ती त्या दिवशी आली. मी एक शब्द बोललो नाही. काठी उचलली, टोपी नीट केली आणि उठलो. बोललो असतो तर धोतर तिथंच भिजलं असतं, म्हणून दात दाबून गप्प होतो. लोकांना वाटलं, म्हातारा रागानं दात खायलाय.

मागच्या बाजूला मोकळा होऊन मी सावकाश परत आलो तर पोराचा बाप सतरंजीच्या कडेला हात जोडून उभा.

“मामा, राग सोडा. लग्न तुमच्याच दारात करू. बसा तुमी.”

मी बसलो. काय बोलणार? भाचा घरी येईपर्यंत जीपमध्ये माझे गुडघे दाबत होता.

तिथून गावात बोभाटा झाला. फलाण्याच्या बैठकीत न्या आबांना, लय बोलत न्हाईत, पण बरोबर टायमाला उठतात. मग कुठून कुठून लोक न्यायला यायचे. दारात जीप उभी राहायची, पेढे यायचे. आणि खरंच सांगतो, मी जिथं जिथं उठलो तिथं समोरचे वाकले. एके ठिकाणी तर मी दोनदा उठलो, तर त्यांनी मानपानाच्या साड्याही सोडल्या आणि घोडाही सोडला. पुढं पुढं मलाही वाटायला लागलं, की उठण्यात आपला काही हात आहे, देवानं अंगात कला घातलीय.

माझी बायको म्हणायची, “कला कसली मेली! धोतरं मी धुतेय.”

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दिवसागणिक त्रास वाढत होता. नळाचं पाणी पडायचा आवाज आला की कळ. कुलपाला किल्ली लावली की कळ. दारापर्यंत पोचेपर्यंत चार थेंब पुढं. मी त्यावर उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. विहिरीत पाणी नसलं तर मोट कशाला चालेल, हा साधा हिशोब. बैठकीच्या दिवशी तर सकाळपासून ओठ ओला करायचो नाही. पण गंमत अशी, की पाणी तोडलं तशी लघवी जळजळायला लागली आणि कळ दुप्पट झाली. मी म्हटलं, ऊन बाधलं असेल.

एस.टी.चा प्रवास म्हणजे तर परीक्षाच. एकदा पालमला जायलो होतो. अर्ध्या रस्त्यात दरोडा पडला. आता भरल्या गाडीत उठून ड्रायव्हरला काय सांगायचं? बाया-माणसं बसलेली. मी डोक्यावरची टोपी काढली आणि खिडकीतून बाहेर टाकली.

“आरं थांबीव, थांबीव! टोपी गेली माझी!”

ड्रायव्हर भला माणूस. थांबला. मी उतरलो, टोपी रस्त्यावरच पडली होती. तिला ओलांडून बाभळीमागं गेलो, आणि येताना उचलून आणली. टोपी घालून चढलो तर कंडक्टर तिकिटाचं मशीन पुसत म्हणाला, “आबा, टोपी इकडं पडली होती, तुमी तिकडं कामून हुडकायलाव?”

“दुसरी पडली का ते बघायलो,” मी म्हटलं. गाडी हसली. मी पालमपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसलो.

हे असंच चाललं असतं. पण नातीचं बोलणं आलं.

थोरल्या पोराची पोरगी. औषधाचं शिकली, परभणीला एका मेडिकल दुकानात कामाला जाते. रोजच्या एस.टी.नं जाणार, संध्याकाळी परत. घरात तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. म्हणतात माझ्यावर गेलीय. स्थळ पालमकडचं. पोरगा शेती करतो, बोलायला साधा. दोघांची गाठ पडली, पसंती झाली, फोनवर बोलणंही चालायचं. पोरीची अट एकच, की लग्नानंतर पालमात स्वतःचं मेडिकल दुकान टाकणार. पोराला ती कबूल होती. पण त्या घरात पोराचं चालत नाही आणि पोराच्या बापाचंही चालत नाही. तिथं चालतं पोराच्या आजोबाचं.

आणि त्या आजोबाची कीर्ती माझ्याहून मोठी. मागं एका स्थळाच्या बैठकीत पोरीचा आजा जरा चुना आणायला उठला, तर ह्यानं सगळ्या माणसांना उठवलं, गाडीत घातलं आणि सुपारी न फोडता निघून गेला. “आमच्या तोंडासमोरून ज्याला उठायचंय त्यानं उठावं,” असं म्हणाला म्हणे. पोरीच्या घरी स्वयंपाक तसाच राहिला.

मला तो माणूस ऐकूनच आवडला होता.

नात एके दिवशी जेवणं झाल्यावर माझ्यापुढं येऊन बसली. मांडी घालून. मी तेव्हाच ओळखलं, बैठक आहे.

“आबा, दिवाळी झाल्यावर ते लोक येणारेत.”

“येऊ दे की. बघतो मी.”

“तुमी बघू नका. तुमी बसा. सुपारी फुटूस्तोवर हलायचं न्हाई.”

“मी काय मुद्दाम उठतो का?”

बोललो आणि जीभ चावली. सून ताटं उचलता उचलता थांबली. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, ते मीच बोलून बसलो.

पोरीनं ते धरलं. “म्हणूनच म्हणते. मुद्दाम न्हाई उठत, तर दवाखान्यात चला. उपाय हाय त्याला. न्हाईतर त्या दिवशी तुमी शेतात जाऊन बसा, तुमच्या जागेवर धाकले आबा बसतील.”

धाकले आबा म्हणजे माझा भाऊ. बैठकीत डुलक्या घेतो. एकदा झोपेत मान हलवली, तर ती होकार समजून लोकांनी पोराकडच्यांची अख्खी मागणी मान्य केली होती. माझ्या जागेवर तो?

“म्हातारपणाचं दुखणं हाय हे,” मी म्हटलं. “केस पांढरे झाले, त्याला दवाखाना करता का?”

“केस भिजवत न्हाईत अंथरूण,” बायको चुलीकडून म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी घरी सांगितलं, पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जातो. गावातल्यांनाही तेच सांगितलं. आणि नातीबरोबर परभणीच्या एस.टी.त बसलो.

डॉक्टर तरणा होता, माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा. त्यानं पोरीला बाहेर बसवलं हे मला पटलं. मग सगळं विचारलं. किती वेळा, रात्री किती वेळा, चहा किती, शौचाला साफ होतं का. मी म्हटलं, डॉक्टर, इतकं तर सोयरिकीतसुद्धा विचारत न्हाईत. तो हसला. लघवी तपासली, रक्त तपासलं, पोटावर थंडगार काहीतरी लावून पडद्यावर बघितलं. आणखीही एक तपासणी केली, ती मी इथं सांगणार नाही. ती झाल्यावर मी त्याला एवढंच म्हटलं, की आता आपलं नातं जवळचं झालं.

त्यानं सांगितलं ते असं. बाप्या माणसाच्या अंगात लघवीच्या नळीभोवती एक गाठ असते, ती वयानं वाढते, तशी माझी थोडी वाढलीय. घाबरायचं कारण नाही, त्याला गोळी आहे. पण खरी खोड लघवीच्या पिशवीला लागलीय. थोडं साचलं की ती बोंब मारते, आणि मी प्रत्येक बोंबेला पळतो, म्हणून ती जास्तच लाडावलीय. पाणी तोडल्यानं लघवी घट्ट होते आणि पिशवीला झोंबते. म्हणजे मी विझवायला जे टाकत होतो ते रॉकेल होतं.

“पाणी प्या. दिवसभरात थोडं थोडं, संध्याकाळनंतर कमी. चहा कमी करा. पोट साफ ठेवा. आणि पिशवीला वळण लावा. ठरल्या टायमाला जायचं. मधेच कळ आली तर पळायचं नाही. थांबायचं, ती ओसरते. मग सावकाश जायचं. हळूहळू टाइम वाढवत न्यायचा.”

“म्हणजे खोंड शिकवल्यासारखं?” मी विचारलं.

डॉक्टरला खोंड माहीत नव्हता. मी सांगितलं, की नवा खोंड जुवाखाली घातला की उधळतो. त्याच्यामागं पळालं तर तो जास्त उधळतो. कासरा धरून गप उभं राहायचं. तो नाचून दमतो, मग चार पावलं चालवायचा. दुसऱ्या दिवशी बांधापर्यंत. असं करत करत एक दिवस तो आपणहून नांगराच्या तासाला लागतो.

“बरोबर,” डॉक्टर म्हणाला. “तेच.”

इतका वेळ मी त्या माणसाला उगीच शहाणा समजत होतो. औषध तर माझ्या गोठ्यातलंच निघालं.

पण कासरा कुठला धरायचा, ते शिकवायला त्यानं शेजारच्या खोलीत एका बाईकडं धाडलं. व्यायाम शिकवणारी. पोरीसारखी पोरगी. मी खाली मान घालून बसलो. ती म्हणाली, “आबा, चारचौघांत बसलात आणि वारा सरायला लागला, तर काय करता?”

“आवरतो.”

“कसं आवरता? ते आता करून बघा. तेवढंच आवळायचं. पोट न्हाई, मांड्या न्हाई. आवळा, धरा, सोडा. श्वास चालू ठेवा. आणि लघवी करताना मधे तोडून बघायचं न्हाई, ती सवय वाईट.”

जन्मभर भजनात, बैठकीत, पंगतीत मी जी गोष्ट लाजेकाजेनं केली, तिचाच व्यायाम निघाला.

परत येताना परभणीच्या स्टँडवर पेढे घेतले आणि घरी प्रसाद म्हणून दिले. बायकोनं पेढा तोंडात टाकला. “नरसिंहानं गोळ्याबी दिल्यात का? खिशातून पाकीट वर आलंय.”

मी मेहनतीला कधी मागं सरलो नाही, इथंही सरलो नाही. त्या व्यायामाच्या पोरीनं सांगितलं त्याच्या दुप्पट करायचं ठरवलं. मारुतीच्या पारावर बसलो की आवळ. ओसरीवर बसलो की आवळ. श्वास चालू ठेवायचं तेवढं विसरलो. गाल फुगायचे, डोळे बाहेर यायचे. पारावर एकजण पळत पाणी घेऊन आला, म्हणाला, आबांच्या छातीत दुखायलंय. बायको म्हणाली, “कुंथायलाव कशाला? जाऊन या की!” मला खरं सांगायची सोय नव्हती. म्हटलं, देवाचं नाव घ्यायलोय. म्हणाली, “देव घाबरून पळंल.”

पुन्हा परभणीला गेलो तेव्हा त्या पोरीनं कान उघडले. ताकदीचं काम नाही, नेमाचं आहे. मग मी नेमानं करायला लागलो. सकाळी गोठा झाडून झाला की ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसायचो आणि हळू आवाजात स्वतःलाच सांगायचो, “आवळ... धर... सोड.” खोंडाला बोलल्याशिवाय मला जमत नाही.

काही दिवसांनी एक गोष्ट ध्यानात आली. मी व्यायामाला बसलो की बायको बरोबर खांबाच्या पलीकडं ज्वारी निवडायला बसायची. ज्वारी काही केल्या संपायची नाही. एकदा मी मुद्दाम “धर” म्हटलं आणि “सोड” म्हटलंच नाही. गप्प बसून राहिलो. थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला.

“आवं, सोडा म्हणा की! जीव चालला माझा.”

मी वाकून बघितलं. सूप मांडीवर, हात रिकामे.

“तुला कशाला पायजे हे?”

“शिंकले की होतं. खोकले, हसले, घागर उचलली तरी होतं. धाकट्याच्या बाळंतपणापसून हाय.”

“आन् बोलली न्हाईस ती?”

“इचारलं कुणी? तुमच्यासारखी मी काय बैठकीत उठत होते, लोकांनी पेढे आणायला!”

पुढच्या खेपेला तिलाही परभणीला नेलं. त्या पोरीनं तिला तपासून सांगितलं, की तुमी आबांपेक्षा चांगलं आवळता. तेव्हापासून घरात माझी किंमत आणखी कमी झाली. पण सकाळी खांबाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बसायचो, आणि आवाज ती द्यायची.

दिवाळीपर्यंत खोंड बांधापर्यंत चालायला लागला होता. कळ यायची, मी जागच्या जागी थांबायचो, चार-पाचदा झटझट आवळायचो, लांब श्वास घ्यायचो, ती ओसरायची. धोतर कोरडं राहायला लागलं. तासाला पूर्ण लागला असं म्हणणार नाही. एखाद्या दिवशी उधळायचा. आणि बैठक किती लांबेल ह्याचा काही भरवसा नसतो.

ते लोक आले. दोन गाड्या भरून. आजोबा पुढं. पांढरा फेटा, मिशीला पीळ, काठी माझ्या काठीपेक्षा जाड. समोरासमोर बसलो. आमच्या घराची रचना अशी, की संडास अंगणाच्या पार कोपऱ्यात. तिकडं जायचं तर सगळ्या बैठकीच्या नाकासमोरून. नात आतल्या दाराआड उभी होती, तिचे फक्त डोळे दिसत होते. ते सारखे माझ्याकडं.

चहा आला. सोयरिकीतला चहा नाही म्हणता येत नाही, तो नाही म्हणजे स्थळच नाही. मी दोन घोट घेतले आणि कप अर्धा ठेवून गप्पा हाणल्या. समोरच्या आजोबानं मात्र पूर्ण कप बशीत ओतून संपवला, वर दुसरा मागितला. “आमाला चहा दांडगा लागतो,” म्हणाला. मी मनात म्हटलं, छाती हाय गड्याची.

बोलणं सुरू झालं. घराणं, गोत, नातीगोती. लग्न कुणाच्या दारात, ते आमच्या दारात ठरलं. वऱ्हाड किती माणसांचं, त्यावर बराच वेळ ताणाताणी. तिथं मला पहिली कळ आली. मी पाय जमिनीला नीट टेकवले. श्वास सोडला. आवळलं, सोडलं, आवळलं. खोंड नाचला आणि बसला. दुसरी आली मानपानावर. तीही बसवली. आतून बायको चहाची भांडी नेताना मुद्दाम माझ्याजवळून गेली आणि हळूच म्हणाली, “धरा.”

दुसरी ओसरल्यावर मला इकडं तिकडं बघायची फुरसत मिळाली. आणि मी समोर बघितलं.

समोरचा आजोबा एका ढुंगणावरचा भार दुसऱ्यावर घेत होता. मग पुन्हा पहिल्यावर. अंगठा काठीच्या मुठीवर सारखा फिरत होता. कपाळाला घाम. आधी रुबाबात लांबलांब बोलणारा माणूस आता एकेका शब्दात बोलायला लागला होता. हां. बरं. पुढं. दात घट्ट.

ते सगळं माझ्या ओळखीचं होतं. ती कला मी मानवतला दाखवली होती.

नेमका तेव्हाच माझ्या पोरानं दुकानाचा विषय काढला. पोरीचं शिक्षण असं असं झालंय, तिला पालमात मेडिकल टाकायचंय. नवऱ्या पोरानं खाली बघत मान हलवली. त्याचा बाप म्हणाला, “आमची काई तकरार न्हाई, दादा म्हणतील तसं.”

आणि दादा, म्हणजे आजोबा, कडाडले, “न्हाई! दुकान-बिकान काई न्हाई. आसंच जमत आसंल तर बोला, न्हाईतर आमी निघालो. गाडी काढा रे!”

माझ्या पोराचा चेहरा उतरला. दाराआडचे डोळे भरले, आणि ती पोरगी सहसा रडणारी नाही.

तो ‘न्हाई’ दुकानाला नव्हता, हे त्या अंगणात मला एकट्याला कळत होतं. त्याला गाडी पाहिजे होती, आणि गावाबाहेरची पहिली बाभळ. सोयरीक मोडली तरच त्याला उठता येणार होतं. न मोडता उठण्याची वाट आमच्या कायद्यानं ठेवलेलीच नाही. आता काय करावं? पावनं, लघवीला जाऊन या, असं चारचौघांत म्हणावं? मला कुणी म्हटलं असतं तर मी त्या घरचं पाणीसुद्धा प्यायलो नसतो. तो माझ्याच जातीचा हट्टी.

मी काठी उचलली आणि उठलो.

बाई गं, असं आतून कुणीतरी म्हणालं. भाऊ डुलकीतून जागा झाला. नात दाराआडून अर्धी बाहेर आली. जन्मात पहिल्यांदा मी बैठकीतून असा उठलो होतो, की मला कुठं जायचं नव्हतं. सतरंजी ओलांडून सरळ त्याच्यासमोर गेलो आणि त्याचा हात धरला.

“पावनं, बोलणं काय, होत राहील. तुमी जनावरातले जाणते, असं लय ऐकलंय. जरा आमची गाय बघून द्या. दोघंच जाऊ.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यानं अंगणाचा कोपरा दाखवला. तो काठी न टेकता उठला.

सगळे बघत असताना आम्ही हातात हात घालून अंगण ओलांडलं. माझी चाल सावकाश, तो मला ओढत होता. कोपऱ्यात वळलो तसा मी दाराची कडी काढली. “ही आमची गाय.”

काही बोलायला तो थांबला नाही. मी भिंतीकडं तोंड करून पहारा दिला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा मिशीचा पीळ सैल झाला होता. फेटा नीट केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “तुमाला कसं कळलं?”

“मलाबी हाय.”

“मग तुमी तर बसलाव की मघापसून, दगडावानी.”

“दवाखाना केला. उपाय हाय त्याला.”

“ह्याला उपाय हाय?” त्यानं आता कुठं माझ्याकडं बघितलं. “आमी तर म्हातारपण म्हणून सोडून दिलं. तीन गावच्या बैठका मोडल्या मी ह्याच्यापायी. लोक म्हणतात, लय कडक माणूस.”

“मला पेढे देतात.”

तो हसला. मोठ्यानं हसू आलं ते त्यानं फेट्याच्या शेवात दाबलं. मग विचारलं, “गोळ्या कुठून आणता? गावात कळत न्हाई का?”

“नात आणती की. कागदात गुंडाळून देती, कुणाला बोलत न्हाई. दवाखान्यातबी तीच नेती.”

त्यानं मिशीला पुन्हा पीळ दिला. “पालमात कुठं टाकायचं म्हणती दुकान?”

“स्टँडजवळ.”

“घरापसून जवळच पडंल.”

“पडंल की. पण फुकट देणार न्हाई ती. लय कडक पोरगी हाय.”

“आसू द्या. आमच्या घरात कडकच लागती.”

मी त्याला कळ ओसरवायची युक्ती तिथंच उभ्या उभ्या सांगितली. त्यानं एकदा करून बघितली. गाल फुगले. मी म्हटलं, श्वास सोडा, श्वास सोडा.

आम्ही परत आलो तर कुणी जागचं हललं नव्हतं. आजोबा आपल्या जागेवर ऐसपैस बसला आणि काठी आडवी ठेवली.

“पोरीला दुकान टाकू द्या,” म्हणाला. “शिकलेलं वाया कामून घालायचं? फोडा सुपारी.”

एकच गलका झाला. सुनेनं साखर आणली. माझा पोरगा माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, की आबांनी तिथं कोपऱ्यात नेऊन असं काय बोलणं केलं असेल. पुढं दोन-तीन गावांत हा किस्सा गेला तो असाच गेला, की दोन म्हातारे एकांतात गेले आणि कडाकडा भांडून आले. आम्ही दोघांनीही तो खोडला नाही.

सुपारी फुटली, साखर वाटली गेली, तेवढ्यात नवऱ्या पोराचा बाप सहज म्हणाला, “दादा, गाय कशी वाटली?”

मी बशीतली साखर गिळायचा थांबलो. आमच्या घरी गाय नाही. दोन बैल आहेत, एक म्हैस आहे आणि सुनेच्या शेळ्या. गाय माझ्या तोंडातून कशी निघाली, देव जाणे.

आजोबानं मिशीवर हात फिरवला. “लय गुणाची. आरं, अशी गाय आपल्या भागात बघायला मिळत न्हाई. कपाळावर चांदणी हाय, शिंगं आखूड, कास दांडगी. आन् गरीब किती! जवळ गेलं की मुकाट उभी राहती, माणसाचा सगळा जीव हलका होतो.”

माझा पोरगा तोंड उघडून माझ्याकडं बघायला लागला. बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि आत पळाली. नात दाराआड भिंतीला टेकून खाली बसली, तिचे खांदे हलत होते.

“मग,” नवऱ्या पोराची आई माझ्या सुनेला म्हणाली, “लग्नाच्या दिवशी पोरा-पोरीच्या हातनं त्या गाईची पूजा करू. दादांना एखादं जनावर आवडलं, असं कधी होत न्हाई.”

“करू की,” सून म्हणाली. तिलाच काय, कुणालाच दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

सध्या माझा पोरगा बाजारच्या दिवशी जनावरांच्या बाजारात फिरायलाय. गाई लय आहेत, पण कपाळावर चांदणी हाय तर शिंगं लांब हायेत, शिंगं आखूड हायेत तर लाथा मारतीय. लग्न जवळ आलंय. काल व्याह्याचा फोन आला होता. मी अडचण सांगितली. म्हणाला, चांदणीचं मी उगीच बोललो, तेवढी सोडा. पण गरीब पायजे.